अंड्यासाठी पावतीपुस्तक कशाला? शालेय पोषण आहाराबाबत सांगलीच्या पालकांचे खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
मा. शिक्षण संचालक (प्राथमिक), पुणे,
आणि सांगली-सातारा जिल्ह्यांत पोषण आहाराचे काम पाहणारे सर्व अधिकारी

विषय : पोषण आहारातील अंडे व गोड पदार्थ लोकवर्गणीवर सोडण्याबाबत, तसेच ताटातील मोजमाप आणि पालकांच्या हक्कांबाबत

स.न.वि.वि.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने ठरवले की पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे आणि न खाणाऱ्याला केळे. अंड्यामागे पाच रुपये धरले. पुढे ११ जून २०२४ च्या निर्णयाने ताट तीन पदार्थांचे झाले : तांदळाचा पदार्थ, मोड आलेले कडधान्य आणि काहीतरी गोड. आम्हा पालकांना दोन्ही निर्णय पटले होते. मग २८ जानेवारी २०२५ ला नवा निर्णय आला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले, त्यांच्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, द्यायचेच असतील तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून सोय करावी, असे सांगण्यात आले.

लोकसहभाग हा शब्द कागदावर शोभतो. गावात त्याचा अर्थ एवढाच की मुख्याध्यापकांनी पावतीपुस्तक घेऊन दारोदार जायचे आणि समितीतल्या आयाबायांनी किराणा दुकानदाराकडे साखरेसाठी शब्द टाकायचा. हे आम्हाला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे आकड्यांनिशी मांडण्यासाठी हे पत्र आहे. जाहीर अशासाठी लिहिले आहे की ज्यांच्या मुलांचे ताट आहे, त्या बहुतेक घरांपर्यंत हे आकडे पोचलेलेच नाहीत.

आधी कायदा काय म्हणतो ते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ५ प्रमाणे शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला सुट्टीचे दिवस वगळता रोज एक वेळचे जेवण मोफत मिळाले पाहिजे. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने, हे त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिले आहे. म्हणजे जेवण तर हक्काचे आहेच, पण त्यातले पोषणही हक्काचे आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, २००९ सांगतो की शिक्षण पुरे करण्याच्या आड येईल असे कोणतेही शुल्क वा खर्च मुलावर टाकता येत नाही. वर्गणी ऐच्छिक असते, हे खरे. पण ज्या शाळेत अंडे मिळणे न मिळणे गावच्या ऐपतीवर ठरते, तिथे गरीब गावच्या मुलाचे ताट हलके होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता हिशेब. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोजचे प्रमाण १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. तांदूळ केंद्राकडून फुकट येतो. बाकीच्या साहित्यासाठी केंद्राने ठरवलेला दर १ मे २०२५ पासून प्राथमिकला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे. डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी, गॅस, सगळे त्यातच.

साठ मुलांची चौथीपर्यंतची शाळा धरा. जिल्ह्यात अशा शाळा गावोगाव आहेत. रोज ६ किलो तांदूळ, १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी, ३०० ग्रॅम तेल लागते. दिवसाची रक्कम ४०६ रुपये ८० पैसे. डाळ किलोला ११५ ते १२० रुपयांनी धरली तर १४० रुपये गेले, तेलाचे ४५, भाजी किलोला ५० रुपयांनी १५० रुपये. झाले ३३५. उरलेल्या सत्तरएक रुपयांत तिखट, हळद, मोहरी, जिरे, मीठ आणि गॅस. पावसाळ्यात टोमॅटो-कोथिंबीर चढली की हेही कोलमडते, आणि मग पातेल्यात भाजीच्या नावाने दोन बटाटे तरंगतात. स्वयंपाकी मावशींचा त्यात दोष नसतो.

या रकमेत अंडे बसत नाही, हे उघड आहे. एका अंड्याची किंमत सहा-सात रुपये, म्हणजे एका मुलाच्या दिवसभराच्या सगळ्या साहित्याइतकी. आठवड्याला एक अंडे, शाळेचे साधारण ३६ आठवडे, साठ मुले, सात रुपये भाव : वर्षाला १५,१२० रुपये. तीन पदार्थांचे ताट ठेवायचे तर साखर वेगळी. मुलामागे १५ ग्रॅम धरली तरी एका वेळेला ९०० ग्रॅम, म्हणजे चाळीसएक रुपये. दूध, नाचणी, वेलची सोडून. जत किंवा आटपाडी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीशाळेने ही रक्कम दरवर्षी कोणाकडून उभी करायची? तिथली निम्मी घरे दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडलेली असतात.

आणि साखरेचे म्हणाल तर, वाळवा-पलूस-कडेगाव पट्ट्यात गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांशिवाय काही दिसत नाही. त्याच पट्ट्यातल्या शाळेला मुलांच्या खिरीसाठी साखरेची वर्गणी मागायला लावणे, हे निर्णय लिहिणाऱ्यांना खटकले कसे नाही, याचे आश्चर्य वाटते.

अंडे म्हणजे चैन आहे, असा सूर काही बैठकांत लागतो, म्हणून प्रथिनांचा हिशेबही करून टाकू. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात, २० ग्रॅम डाळीतून पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. बेरीज १२ च्या उंबरठ्यावर येते. याचा अर्थ असा की डाळ पूर्ण २० ग्रॅम पडली तरच कायद्यातला आकडा गाठला जातो. डाळ उशिरा आली, कमी आली, किडकी निघाली आणि मावशींनी १२ ग्रॅमवर भागवले, तर कॅलरी फारशा घटत नाहीत, पोट भरल्यासारखे वाटते, पण प्रथिने थेट १० वर येतात. सहावी ते आठवीला तर पूर्ण प्रमाण देऊनही तांदूळ आणि डाळ मिळून १८ ग्रॅमच्या आसपासच थांबतात. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात, आणि तीही अंगी लागणारी. आठवड्यातला तो एक दिवस बाकीच्या दिवसांची तूट थोडी तरी भरून काढत होता. केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देऊन बरोबरी झाली असे मानणे चूक आहे. त्यांना २५ ग्रॅम शेंगदाण्याचा गूळ घालून केलेला लाडू द्या, त्यात सहा ग्रॅम प्रथिने बसतात. शेंगदाणा आणि गूळ दोन्ही आपल्याच भागात पिकतात. घरचे जे खातात त्याप्रमाणे पालकांनी जूनमध्ये एकदा लेखी पर्याय द्यावा, म्हणजे वर्षभर वाद नको. वरच्या वर्षाच्या हिशेबात साठही मुले अंडी खाणारी धरली आहेत; लाडवाचा खर्च त्याच्या आसपासच राहतो, जास्त नाही.

अंडे देणे अवघड आहे, हेही खरे नाही. साठ मुलांना दोन ट्रे. सकाळी यावेत, पाण्यात टाकून तरंगणारी बाजूला काढावीत, दहा-बारा मिनिटे उकडावीत, त्याच दिवशी संपवावीत, उरलेली घरी पाठवू नयेत. अडचण एकच होती : पाच रुपये दर, बाजारभाव सहा-सात आणि वरचे पैसे गुरुजींच्या खिशातून. त्यावरचा उपाय दर वाढवणे हा होता. आपण दरच काढून टाकला.

लोकसहभागाचे समर्थन करताना कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव हमखास घेतले जाते, म्हणून त्याबद्दलही बोलले पाहिजे. मुठीमुठीने धान्य गोळा करून मुले शिकवण्याची रीत याच मातीतली आहे. साताऱ्याच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले, हे आमच्या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण तेव्हा राज्य परक्याचे होते आणि अन्नाचा हक्क सांगणारा कायदा नव्हता. आज कायदा आहे, अर्थसंकल्प आहे, योजनेत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा ठरलेला आहे. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र शासनाच्या बचतीसाठी दाखल्याला वापरू नये, एवढी विनंती. गाव द्यायला मागे हटत नाही. सप्ताहाचा महाप्रसाद, यात्रेतला भंडारा, वाढदिवसाचे स्नेहभोजन यात आम्ही देतोच आणि देत राहू. पण ते ताटावरचे जास्तीचे आहे. जे कायद्यात मोजून लिहिले आहे, ते वर्गणीवर टाकता येत नाही.

यापुढचे मुद्दे अंड्याइतके गाजत नाहीत, पण मुलांचे जास्त नुकसान त्यातच होते.

पहिला मुद्दा, न मिळालेल्या जेवणाचा. मध्यान्ह भोजन नियम, २०१५ मध्ये स्पष्ट तरतूद आहे : धान्य, शिजवण्याचा खर्च, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे एखाद्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर त्या दिवसाचे धान्य आणि शिजवण्याचा खर्च अन्नसुरक्षा भत्ता म्हणून मुलाला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा. सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिले, तर जबाबदारी निश्चित करून कारवाई करायची. पुरवठादार बदलतो, निविदा लांबते, नवा करार होईपर्यंत शाळा ‘उसनवारी’वर चालतात. साठ मुलांच्या शाळेत पाच दिवस चूल पेटली नाही, तर मुलांचे ३० किलो तांदूळ आणि २,०३४ रुपये देणे लागतात. हा भत्ता किती शाळांत, किती मुलांना दिला, याची तालुकावार यादी जाहीर करा. नियमात आणखी एक गोष्ट आहे, जी मुख्याध्यापकांना कोणी सांगत नाही : तात्पुरती अडचण असेल तर शाळेकडच्या इतर निधीतून जेवण चालू ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे आणि तो पैसा परत मिळाला पाहिजे. परत मिळेल अशी खात्री नसते, म्हणून कोणी हात लावत नाही.

दुसरा मुद्दा, वजनाचा. तांदूळ आणि धान्यादी माल शाळेत उतरतो तेव्हा बहुतेक ठिकाणी काटा नसतो. चालकाला पुढच्या शाळा गाठायच्या असतात, गुरुजी वर्गात असतात, पोत्यावर ५० किलो छापलेले असते आणि सही होते. बारदानाचे वजन, वाहतुकीत सांडलेले, पोते फाटून गळालेले हे सगळे पुढे शाळेच्या माथी येते. साठा नोंदवहीत ५०, प्रत्यक्षात ४८. महिनाअखेर ताळा जमवायला मग एक तर ताटातले कमी करायचे, नाही तर हजेरी वाढवायची. दुसऱ्या मार्गाने गेलेला मुख्याध्यापक तपासणीत सापडतो आणि निलंबित होतो. मूळ दोन किलो कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक शाळेला शंभर किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा द्या. माल शाळेच्या वेळेतच उतरवा. पावतीवर समितीच्या एका पालक सदस्याची सही असल्याशिवाय पुरवठादाराचे बिल काढू नका.

साठवणीचेही त्यातच आले. जून-जुलैत दमट हवेत मटकी, चवळी, हरभऱ्याला सोंडे लागतात आणि तांदूळ जाळी धरतो. पोती भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली की ओल वर चढते. खाली लाकडी पाट, भिंतीपासून वीतभर अंतर, आधी आलेले आधी वापरायचे आणि डाळींसाठी झाकणाचे पत्र्याचे डबे : एवढ्याने बरेच वाचते. पण उन्हाळ्याच्या सुटीआधी दोन महिन्यांचा माल एकदम टाकला, तर कोणतेही डबे पुरत नाहीत. ज्या मालाला जूनमध्ये कीड दिसते तो कधी टाकला, हे पावतीच्या तारखेवर दिसते. तो बदलून देण्याची मुदत करारात घाला.

फोर्टिफाइड तांदळाबद्दल एक खुलासा, कारण यात गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. शंभर किलो तांदळात एक किलो कृत्रिम दाणा मिसळलेला असतो. तो तांदळाच्याच पिठापासून केलेला असतो. त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि ब-१२ घातलेले असते. हे दाणे रंगाने थोडे वेगळे दिसतात, पाण्यात वर तरंगतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ आला’ म्हणून मावशी ते वेचून फेकतात, पालक व्हिडिओ फिरवतात. दाणा प्लास्टिकचा नाही, पण हे पोत्यावर मराठीत लिहायला आणि जूनच्या पहिल्या पालकसभेत एक मूठ तांदूळ पाण्यात टाकून दाखवायला कोणाचे हात बांधले होते? तांदूळ एकदाच हलक्या हाताने धुवायचा आणि पेज काढून टाकायची नाही, हेही मावशींना सांगायला हवे, नाही तर घातलेले सत्त्व मोरीत जाते.

तिसरा मुद्दा मावशींचा. निकषाप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० मुलांना दोन आणि पुढच्या प्रत्येक शंभराला एक स्वयंपाकी तथा मदतनीस. मानधन महिन्याला २,५०० रुपये. कामाच्या दिवसांत वाटले तर दिवसाला शंभराच्या आसपास, आणि तेही वेळेवर नाही. केंद्राच्या निकषातले एक हजार रुपये २००९ पासून आहेत तिथेच आहेत. या पैशांत साठ मुलांचा भात, उसळ, गोड पदार्थ, भांडी, सांडलवंड, तांदूळ निवडणे. मोड आलेल्या कडधान्याचे उदाहरण घ्या. १ किलो २०० ग्रॅम मटकी आठ-दहा तास भिजवावी लागते, मग फडक्यात बांधून रात्रभर ठेवावी लागते. म्हणजे उद्याच्या उसळीची तयारी आज सकाळपासूनच. डिसेंबरात माण-खटावच्या थंडीत मोड यायला दुप्पट वेळ लागतो, जूनमध्ये त्याच मटकीला वास सुटतो. भिजवलेले कडधान्य शाळेत ठेवायचे की घरी न्यायचे, उंदीर-घुशींपासून कसे जपायचे, याचा एक शब्द पाककृतीच्या तक्त्यात नाही. तक्ता ज्याने केला त्याच्यासमोर दोन शेगड्या आणि चार माणसे असावीत. शाळेत एक शेगडी आहे, आणि ती तापायच्या आत प्रार्थना संपलेली असते.

चौथा मुद्दा लहान शाळांचा. दर डोक्यामागे ठरतो, खर्च मात्र डोक्यामागे होत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वर किंवा आमच्या शिराळ्याच्या डोंगरात बारा मुलांची शाळा असते. बारा गुणिले ६.७८ म्हणजे दिवसाला ८१ रुपये ३६ पैसे. ६०० ग्रॅम भाजी आणायला कोण जीपचे भाडे भरणार? सिलिंडर खाली गावातून आणायचा तर बारा मुलांना तेवढेच भाडे, जेवढे साठांना. म्हणून २५ पेक्षा कमी पटाच्या शाळांना दिवसाची एक किमान ठोक रक्कम ठरवा. पट कमी म्हणून शाळा बंद करण्याच्या चर्चा करताना हा हिशेब मात्र कधी पुढे येत नाही.

पाचवा मुद्दा आम्हाला सगळ्यात जास्त सलतो. ऊसतोडीच्या मुलांचा. बीडकडची आणि आमच्या जतची मुले ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या तळावर असतात. त्यांचे नाव मूळ गावच्या पटावर. तिथे ती गैरहजर, म्हणून तिथे ताट नाही. इथल्या शाळेच्या ऑनलाइन पटावर ती नाहीत, म्हणून इथे तांदूळ नाही. चांगला मुख्याध्यापक आहे त्यातच दहा जणांना वाढतो, आणि मग साठा जुळत नाही. जे मूल सगळ्यात जास्त भुकेले, तेच हिशेबात बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला देण्यात उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. आधार नाही म्हणून मुलाचा लाभ रोखता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सांगितले आहे. शिक्षण हमी पत्रकाची, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिल्या जाणाऱ्या पत्राची सोय आहे, पण ते घेऊन येणाऱ्या मुलाच्या मागे तांदूळ येत नाही. हंगामी मुलांची स्वतंत्र नोंद रोजच्या ऑनलाइन माहितीत घेण्याची सोय करा आणि कारखान्याच्या पाच किलोमीटर परिघातल्या शाळांना नोव्हेंबर ते मार्च वाढीव साठा आगाऊ द्या. गळीत हंगाम दरवर्षी येतो, तो अचानक येत नाही.

दुष्काळी भागातल्या उन्हाळी सुटीतल्या आहाराबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुटीतही जेवण द्यायला सांगितले आहे. आदेश निघतात, पण एप्रिल सरताना निघतात. तोवर मुले मामाच्या गावाला गेलेली असतात आणि ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा बसतो. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत हे नियोजन मार्चमध्येच करा. उन्हात खिचडीसाठी दोन किलोमीटर चालत यायला लावण्यापेक्षा कोरडा शिधा घरी देण्याचा पर्याय ठेवा.

आता आमच्या, म्हणजे पालकांच्या हक्कांकडे येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. २०१५ च्या नियमांप्रमाणे आहाराची गुणवत्ता, स्वच्छता आणि एकूण योजनेवर देखरेख ठेवणे हे याच समितीचे काम आहे. प्रत्यक्षात समितीला काय मिळते? इतिवृत्तावर सही करायला घरी आलेली वही. चव नोंदवहीत महिनाभराचे शेरे एकाच शाईने, एकाच दिवशी. आम्ही यात स्वतःला वगळत नाही. सही करणारे हात आमचेच असतात. पण ज्याला २० ग्रॅम डाळ हा आकडाच माहीत नाही, तो देखरेख कशाची ठेवणार?

म्हणून पालकांनाही सांगतो. उद्या शाळेत जा आणि चार गोष्टी बघा. फलकावर आजची हजेरी, शिजवलेला तांदूळ आणि डाळ किलोत लिहिली आहे का. हजेरीला ०.१ ने गुणा, तेवढे किलो तांदूळ निघाला पाहिजे, ०.०२ ने गुणा, तेवढी डाळ. सहावीच्या पुढे ०.१५ आणि ०.०३. मग साठा नोंदवहीतली शिल्लक आणि कोठीतली पोती यांचा मेळ बसतो का. आणि वाढण्याआधी कोणी मोठ्या माणसाने चव घेतली का. हे पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. या योजनेच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवायच्या आहेत. तक्रार असेल तर तोंडी वाद घालू नका, स्वयंपाकी मावशीवर तर मुळीच ओरडू नका. तारीख, पदार्थ, हजेरी, काय कमी होते, हे लिहून समितीत ठेवा आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यापुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. जेवण न मिळण्याच्या तक्रारीसाठी राज्य अन्न आयोगाचाही दरवाजा आहे.

आमच्या मागण्या अशा :

१. २८ जानेवारी २०२५ च्या निर्णयातली लोकसहभागाची अट अंडे आणि गोड पदार्थासाठी रद्द करा. अंड्याचा दर बाजारभावाप्रमाणे दर तीन महिन्यांनी ठरवा. खरेदी गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या बचत गटाकडून करण्याची मुभा द्या. अंडे न खाणाऱ्यांना शेंगदाणा-गुळाचा लाडू.

२. ६ रुपये ७८ पैशांपैकी धान्यादी मालासाठी पुरवठादाराला किती जातात आणि इंधन-भाजीपाल्यासाठी शाळेच्या खात्यावर किती येतात, हे प्रत्येक शाळेच्या फलकावर लावा. भाजीपाल्याचे पैसे महिना संपल्यावर नको, आगाऊ द्या.

३. न मिळालेल्या जेवणाचा अन्नसुरक्षा भत्ता, मागील थकबाकीसह.

४. प्रत्येक शाळेला वजनकाटा; पालक सदस्याच्या सहीशिवाय पुरवठादाराचे बिल नाही.

५. २५ पेक्षा कमी पटाला किमान ठोक रक्कम.

६. स्थलांतरित मुलांची वेगळी नोंद आणि आगाऊ साठा. शिक्षण हमी पत्रकाला तांदळाची जोड.

७. मावशींचे मानधन दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत, आणि मोड आलेल्या कडधान्यासाठी शाळेला झाकणाचे डबे व दुसरी शेगडी.

८. रोजची ऑनलाइन नोंद नेटवर्कअभावी राहिली तर हस्तलिखित नोंदीवर त्या दिवसाचे अनुदान द्या. डोंगरातल्या शाळेने गुन्हा केलेला नाही.

९. वर्षातून एकदा सामाजिक अंकेक्षण, ग्रामसभेत, मुलांच्या हजेरीच्या आणि साठ्याच्या मूळ वह्या समोर ठेवून. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २८ मध्ये ठरावीक काळाने सामाजिक अंकेक्षण करायचे, हे आहेच.

यातल्या तिसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि नवव्या मागणीला नवा कायदा लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. जिल्हा पातळीवरच्या एका परिपत्रकात त्या बसतात. त्यामुळे त्यांचे उत्तर आम्हाला येत्या शाळा व्यवस्थापन समितीच्या मासिक सभेपूर्वी लेखी हवे आहे. पहिल्या, पाचव्या आणि सहाव्या मागणीसाठी अर्थसंकल्पात तरतूद लागेल, हे आम्ही समजतो. त्यासाठी आकडे मांडून बसायला आम्ही तयार आहोत, आपण वेळ आणि ठिकाण कळवावे. तोपर्यंत अंडे आणि साखरेसाठी शाळेच्या नावाने वर्गणी गोळा करण्याचा ठराव आमच्या समित्या करणार नाहीत.

कळावे,
आपले,
सांगली जिल्ह्यातील शाळा व्यवस्थापन समित्यांतील काही पालक सदस्य